तीन अक्षरं द्या

सोलापुराहून कापड घेऊन निजामाच्या हद्दीत शिरताना करोडगिरीचा नाका लागे. तिथं जकात घेणारा कारकून माझ्या गठ्ठ्यातल्या कापडाआधी त्यावर गुंडाळलेली इंग्रजी रद्दी बघायचा.

"अप्पा, तीन अक्षरं द्या."

मी "एम, टी, आर" असं काहीतरी सांगायचो. मग चष्मा कपाळावर ढकलून, कागद नाकाला लावून तो ती तिन्ही अक्षरं असलेला सगळ्यात लांब शब्द हुडकायचा. मागं गाड्यांची रांग लागायची. "ॲडमिनिस्ट्रेशन!" असं ओरडून तो बोटाच्या पेरानं शब्द मोजायचा. अर्थ विचारला की चिडायचा. "अर्थाला काय करायचंय? लांबी बघा की!"

रझाकारांच्या दिवसांत एकदा मी त्या रद्दीखाली निजामाविरुद्धची पत्रकं दडवली होती. नाक्यावर पोलीस जमादार उभा. कारकुनानं सवयीनं वरचा कागद उचलला, खाली पाहिलं आणि कागद होता तसा ठेवला.

तो जमादाराकडं वळला. "साहेब, आज तुम्ही द्या तीन अक्षरं. इंग्रजी."

जमादाराला उर्दूपलीकडं अक्षर येत नव्हतं. मिशीवर हात फिरवत, खाकरत तो मागच्या गाडीकडं निघून गेला.

कारकुनानं माझ्या पावतीवर शिक्का मारला.

"लई पातळ रद्दी वापरता, अप्पा," तो हळूच म्हणाला. "पुढल्या खेपेला चार पानं जास्त घाला. खालचं झाकंल, अन् मलाबी शब्द मिळतील."