अण्णांची गोळी आणि प्रभाआत्या

अण्णांना देवी आल्याच नव्हत्या, हे मी प्रभाआत्याला शेवटपर्यंत पटवू शकले नाही. आत्या म्हणजे अण्णांची धाकटी बहीण. नरपडला दिलेली, ऐन तारुण्यात विधवा होऊन डहाणूला आमच्याकडे परत आलेली. आल्या दिवसापासून घर तिच्या ताब्यात.

अण्णा स्टेशनात तिकिटं देत. बासष्ट साली त्यांना हार्ट अटॅक आला. मुंबईच्या डॉक्टरांनी रक्त पातळ करायच्या गोळ्या दिल्या. थोड्याच दिवसांत अंगभर लाल पुरळ उठलं, तापही चढला. आत्याने एकदा पाहिलं आणि निकाल दिला, "देवी आल्यात." देवी असताना औषध चालत नाही. गोळ्यांची बाटली माळ्यावर गेली, दाराला कडुनिंब लागला, घरात फोडणी बंद. अण्णा देव न मानणारे, पण बिनफोडणीचं वरण गिळत गप्प पडून राहिले. मी शाळेत आरोग्याचे धडे शिकवणारी बाई. घरात माझं कोण ऐकतंय?

पुरळ ओसरल्यावर मी अण्णांना मुंबईला नेलं. डॉक्टर म्हणाले, पुरळ त्या गोळ्यांचंच होतं, चालू ठेवल्या असत्या तर जिवावर बेतलं असतं. थांबवल्या कोणी? "आत्याने," मी म्हणाले.  त्यांनी दुसऱ्या गोळ्या दिल्या आणि बजावलं, या थांबवल्या तर रक्ताची गुठळी होऊन माणूस जाईल.

मे महिन्यात अण्णांच्या पाठीवर साधं घामोळं आलं. नवी बाटली माळ्यावर. मी तणतणत शिडी लावली, तर आत्या आडवी उभी.

"तू शहाणी, तुझा डॉक्टर शहाणा," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्याच्या अंगावर देवी होत्या, तेव्हा औषध मीच पाजलं. या हाताने. संध्याकाळी गेला."

हे ती कधीच बोलली नव्हती. माझा राग कुठच्या कुठे गेला. तिला जवळ घ्यावंसं वाटलं, पण ती घेऊ देणाऱ्यातली नव्हे.

"सुधा, बाटली काढ," अण्णा खाटेवरून म्हणाले. "प्रभे, गोळी मी माझ्या हाताने घेईन. तू बघूच नकोस."

तेव्हापासून रोज सकाळी आत्या परसात जाऊन पाठमोरी बसे. आतून अण्णांची हाक येई, "घेतली गं," की उठून चहा टाकी. कित्येक वर्षं हे असंच चाललं.

अण्णा झोपेतच गेले. मला कळलं तेव्हा उजाडलं होतं. मी परसाच्या दारात जाऊन उभी राहिले.

"आज उशीर केला त्याने," आत्या मागे न बघता म्हणाली. "घेतली का?"