गुणिले बारा

कचेरीत त्याला सगळे 'तराजू' म्हणत. आयातीच्या आकड्यांत एकोणतीस वर्षं घालवलेला कारकून. त्याच्याकडे दरसालचा एक तक्ता होता: आपण बाहेरून किती प्लायवूड आणलं आणि शेजारच्या देशानं किती. त्याचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, बोट ठेवायला जागा नाही. हे तो स्वतःही जरा जास्तच वेळा सांगायचा.

तक्त्यात दोन रेषा होत्या. आपली सपाट, शेजाऱ्यांची वर्षागणिक चढत गेलेली. आज अकराला समिती बसणार होती. शेजारी आपल्या तिप्पट माल आणतात तरी त्यांचे कारखाने धडधाकट आहेत, मग आपणच आयातीवर मर्यादा कशाला ठेवायची, असा सगळा सूर होता. मर्यादा उठली की पहिलं टाळं लागणार ते त्याची धाकटी बहीण कामाला होती त्या प्लायवूडच्या कारखान्याला. बावीस वर्षं ती तिथं प्लायचे थर चिकटवणाऱ्या गरम प्रेसवर उभी होती.

साडेनऊला तीच कचेरीच्या दारात आली आणि पिशवीतून एक पातळ फळी काढली.

"दादा, ही शेजारच्या देशातली. आमच्या मालकांनी नमुना मागवलाय. तिकडे हल्ली बाहेरून बहुतेक हाच माल येतो म्हणे, खोक्यांसाठी. याच्याशी आम्ही कसं टिकायचं, सांग त्या समितीला."

"जाडी किती?"

"तीन मिली. का रे? असा पांढरा का पडलास?"

त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. शेजारी प्लाय चौरस मीटरमध्ये मोजत, आपण घनमीटरमध्ये. मेळ घालायला त्यानं पहिल्याच वर्षी तिकडे पत्र टाकून जाडी विचारली होती. उत्तर आलं, बारा मिली. तेव्हा ते खरंही होतं. पण पुन्हा विचारायचं त्याच्या कधी मनात आलं नाही. दरसाल गुणिले बारा. तिकडचा माल पातळ होत गेला, चौरस मीटर वाढत गेले, आणि त्यांची रेषा याच्या टेबलावर फुगत गेली. तीननं गुणलं तर ती आपल्याही खाली येत होती.

त्यानं बहिणीला सगळं सांगितलं. ती बाकावर बसली.

"चार महिन्यांत तू निवृत्त होणार," ती हळूच म्हणाली. मग तिनं फळी त्याच्या हातात ठेवली. त्यापेक्षा ती भांडली असती तर बरं, असं त्याला वाटलं.

समितीत अध्यक्षबाईंनी विचारलं, "तक्त्याबद्दल कोणाला काही?"

"तराजूचा तक्ता आहे," त्याचे साहेब हसून म्हणाले. "डोळे मिटून सही करा."

मूग गिळून बसायला याहून सोपी जागा नव्हती. त्यानं उठून ती फळी टेबलावर ठेवली.

"सही करू नका, बाई. तक्ता चुकलाय. चूक माझी आहे."

निर्णय पुढे ढकलला गेला. साहेब तीन आठवडे त्याच्याशी बोलले नाहीत. बोलले ते एवढंच: "दुरुस्तीची टीप कोणाच्या नावानं टाकायची?"

"माझ्या."

नवा तक्ता निघाला, मर्यादा राहिली. जेवणाच्या सुट्टीत तो कारखान्याच्या फाटकाशी गेला आणि बहिणीच्या हातात कागद दिला.

"एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा नाव छापून आलं. तेही चुकीखाली."

तिनं हाताचा डिंक पुसला, टीप दोनदा वाचली, आणि नाव वर राहील अशी घडी घालून कागद जपून खिशात ठेवला.

"चल, प्रेस तापलाय," ती म्हणाली आणि कामावर गेली.