निरोपाचा रकाना

नौदलात मी चोवीस वर्षं नोकरी केली, त्यातली जेमतेम चार जहाजावर. बाकी सगळी टेबलावर गेली. आमच्या शाखेला ‘रायटर’ म्हणतात. कोण कुठल्या जहाजावर जाणार, कोणाची किती रजा उरली, कोणाचं लग्न झालं, कोणाच्या आईचं नाव कागदावर चुकलंय, हे सगळं रायटरकडे असतं. माझं भरतीचं पत्र आलं तेव्हा दिवेआगरात आमच्या आळीत बातमी झाली की हा आता नौदलात लेखक होणार. माझे वडील सुपारीच्या वाडीत राबणारे. त्यांनी बरीच वर्षं कोणाचा गैरसमज दूर केला नाही.

कामाचा मला कमीपणा कधी वाटला नाही, पण त्यात कोणाला सांगण्यासारखं काही आहे असंही वाटायचं नाही. सुट्टीत घरी गेलो की शेजारी विचारायचे, तोफ चालवतोस काय? मी म्हणायचो, नाही, रजिस्टर चालवतो. मग विषय नारळाच्या भावावर जायचा.

ज्या वर्षी आमच्या किनाऱ्यावर चक्रीवादळ आदळलं, त्या वर्षी साथीचे दिवस होते. मी मुंबईच्या कार्यालयात होतो. जहाजावरच्या लोकांना बंदरात उतरायची परवानगी नव्हती. जो जिथे होता तो तिथेच अडकला होता. वादळ गेल्याच्या दुसऱ्या सकाळपासून जहाजांवरून निरोप यायला लागले. श्रीवर्धन, म्हसळा भागातले खलाशी विचारत होते, घरी फोन लागत नाही, काही कळलं का? कळणार कसं? टॉवर पडले होते, विजेचे खांब आडवे झाले होते, रस्त्यांवर झाडं होती. मी स्वतः आदल्या दुपारपासून वडिलांचा नंबर लावत होतो.

मी नोंदी उघडल्या आणि त्या पट्ट्यातले लोक वेगळे काढले. दिवेआगर, बोर्ली पंचतन, वडवली, आरावी, शेखाडी. एकवीस नावं निघाली, शेवटचं माझं. यातल्या बहुतेकांना मी चेहऱ्याने ओळखत नव्हतो, पण त्यांची घरं मला माहीत होती. अमक्या देवळाच्या मागे, तमक्या मशिदीच्या उताराला, असे पत्ते वाचताना मी मनाने त्या गल्ल्यांतून चालतच होतो.

आमचे साहेब केरळचे, त्यांचंही घर समुद्रावर. सरकारी यंत्रणेकडून माहिती येईल, पण वेळ लागेल आणि ती जीवितहानीपुरती असेल, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी मला विचारलं की या प्रत्येक दारापर्यंत पोचेल असा कोणी माणूस तिकडे आहे का. विचार करायची गरज नव्हती. मी म्हटलं, बोर्लीचे पोस्टमन आहेत.

त्यांना सगळा गाव चाचा म्हणतो. घरचे सगळे आखातात गेलेले, भाऊ तिकडे, पुतणे तिकडे. हे एकटे सायकल घेऊन इथे राहिले. आखाताची पत्रं यायची त्या काळात ती नुसती टाकून ते पुढे जात नसत. म्हाताऱ्या बायका त्यांना ओट्यावर बसवून पत्र वाचून घ्यायच्या, कधी कधी दोनदा. माझं भरतीचं पत्र त्यांनीच आणलं होतं आणि ते माझ्या हातात दिलं नव्हतं. वडील वाडीतून येऊन हात धुऊन बसेपर्यंत ते पडवीत थांबून राहिले होते.

मी यादी तयार केली. नाव, वडिलांचं नाव, गाव, घराची खूण. शेवटचा रकाना मी रुंद ठेवला आणि वर लिहिलं, ‘निरोप’. माझ्या हाताखालचा एकजण म्हणाला की सुखरूप आहेत की नाहीत एवढंच ठेवा, नुसती खूण केली की झालं, चाचांचाही वेळ वाचेल. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण मी चार वर्षं जहाजावर काढली होती. समुद्रात असताना कोणी सांगितलं की घरी सगळं ठीक आहे, तर माणूस मान डोलावतो आणि विश्वास ठेवत नाही. त्याला आईच्या तोंडचं एखादं वाक्य लागतं. रकाना तसाच ठेवला.

उरणकडचा एक टेम्पोवाला पनवेलहून ताडपत्री आणि तांदूळ घेऊन तिकडे निघाला होता. प्लास्टिकच्या पिशवीत घालून ते कागद त्याच्याकडे दिले. बोर्लीचं पोस्ट कोणीही दाखवेल, म्हणालो.

सात दिवस काही आलं नाही. आठव्या दिवशी माणगावला फोनला रेंज मिळाल्यावर टेम्पोवाल्याने फोटो पाठवले. चाचांचं तिरकं अक्षर, निळी शाई, मधेमधे पावसाने फुटलेली. रकाना पुरला नव्हता म्हणून मजकूर कडेने वर चढवला होता. सायकल चालण्यासारखे रस्ते नव्हतेच, पडलेले माड ओलांडत ते पायी फिरले होते, हे मला मागाहून समजलं.

एका घरून लिहिलं होतं, “पत्रे गेले. आजी पाण्याच्या टाकीमागे बसली म्हणून लागलं नाही. तेव्हापासून सगळ्यांवर ओरडते आहे.” आरावीच्या एका आईने कळवलं होतं, “तुझी शाळेची पेटी भिजली. सर्टिफिकेटं उन्हात वाळत घातली आहेत, काळजी करू नको.” शेखाडीच्या एकाच्या नावापुढे होतं, “मुलगी झाली. वादळाच्या दुसऱ्या दिवशी. दोघी बऱ्या आहेत. नाव तू आल्यावर ठेवू.”

जहाजाच्या संदेशयंत्रणेतून देवनागरी जात नसे, म्हणून मी एकेक निरोप रोमन अक्षरांत बसवला. मात्र शब्द बदलले नाहीत. आजीचं ओरडणंही तसंच पाठवलं. त्या जहाजावरून संध्याकाळी उत्तर आलं की मुलगा निरोप वाचून खूप हसला आणि मग बराच वेळ डेकवर जाऊन उभा राहिला.

वडवलीच्या एका पोराच्या नावापुढे मात्र रकाना कोरा होता. बाकी सगळं भरलेलं आणि तिथे फक्त पेन टेकवल्याचा एक ठिपका. चाचांनी घर चुकवलं असेल, हे शक्यच नव्हतं. मी साहेबांकडे गेलो आणि म्हणालो की या घरी काहीतरी झालंय आणि ते कागदावर लिहायला त्यांचा हात धजावला नाही. साहेबांनी तालुक्याच्या कचेरीकडून माहिती काढली. त्या मुलाचे वडील वादळात वाचले होते, पण तिसऱ्या दिवशी छपरावर ताडपत्री बांधताना पडून वारले.

त्याला ही बातमी यादीतून जाऊ द्यायची नाही, हे आम्ही दोघांनीही न बोलता ठरवलं. त्याच्या जहाजावरच्या अधिकाऱ्याशी साहेब स्वतः बोलले. अधिकाऱ्याने त्याला केबिनमध्ये बोलावून, शेजारी बसवून सांगितलं. मी रजेचे, बदली माणसाचे, साथीच्या दिवसांत प्रवासाला लागणाऱ्या परवानग्यांचे कागद त्याच दिवशी पूर्ण केले. पुढच्या बंदरात तो उतरला आणि दिवसकार्याला घरी पोचला. परत आल्यावर आईला जवळचं पडेल अशा ठिकाणी त्याची नेमणूक लावून घ्यायलाही मी धडपडलो.

माझ्या नावापुढे वडिलांनी लिहवून घेतलं होतं, “वाडीत सहा माड उभे आहेत. घराचं बघतो मी. तू आधी बाकीच्यांचं कर.” ते वाचल्यावर मी फोन उलटा ठेवला आणि पाणी प्यायला उठलो.

पुढच्या वर्षी मला प्रशस्तिपत्र मिळालं. साथीमुळे घरच्यांना समारंभाला बोलावता आलं नाही. वरिष्ठांनी मजकूर इंग्रजीत वाचला; मनुष्यबळ व्यवस्थापनातली उल्लेखनीय कामगिरी, असा त्याचा अर्थ. मी छाती काढून उभा होतो आणि मला पहिल्यांदाच उमगलं की मी इतकी वर्षं जे करत होतो त्याला असं भारदस्त नाव आहे. तोवर वडिलांचा फोन सुरू झाला होता. त्यांनी विचारलं, कशाबद्दल मिळालं? मनुष्यबळ वगैरे सांगण्याऐवजी मी म्हटलं, लोकांची चौकशी केल्याबद्दल.

ते म्हणाले, “त्याचं पण बक्षीस देतात काय? बरं करतात.”

मला आनंद झाला नव्हता असं म्हणणं खोटं होईल. पण ते प्रशस्तिपत्र टेबलावर ठेवलं की मला निळी शाई दिसायची. साहेबांची बदली व्हायच्या आधी मी त्यांना विचारलं की पोस्टमनला एक पत्र देता येईल का. ते म्हणाले की नौदलाबाहेरच्या माणसाला असं प्रशस्तिपत्र द्यायची पद्धत नाही. मग त्यांनी मला कागद घ्यायला सांगितलं. ते हिंदीत सांगत गेले, मी मराठीत लिहीत गेलो. वीस घरांचे निरोप तुम्ही आणलेत आणि एक निरोप लिहायचा नाही हे तुम्हाला कळलं, याबद्दल आम्ही आभारी आहोत, असं त्यात होतं. खाली त्यांनी सही केली. मराठी न कळताही त्यांनी ते पत्र पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं.

सुट्टी मिळाली तेव्हा मी पत्र घेऊन गेलो. वडिलांनी हट्टाने पांढरा गणवेश घालायला लावला. बोर्लीच्या पोस्टात चाचा टपाल लावत होते. मी सलाम करून पत्र हातात दिलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि बोटाने एकेक ओळ धरून वाचलं.

“माजा नाव बरोबर लिवलाय,” ते म्हणाले. पत्र घडी करून पिशवीत न टाकता त्यांनी शर्टाच्या आतल्या खिशात ठेवलं. मग टपालाचा गठ्ठा बांधता बांधता, माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, “वडवलीचा पोरगा. मी कागदावर काय लिवला नाय. रागावला काय तो?”

वर्षभर त्यांच्या मनात हे राहिलं होतं, याची मला कल्पनाच नव्हती. मी सांगितलं की तो मला येऊन भेटला होता. बातमी सांगायला एक माणूस शेजारी बसला होता, याचं त्याला बरं वाटलं, असं म्हणाला. चाचांनी मान हलवली. बराच वेळ ते त्या सुतळीची गाठच मारत होते.

“त्याची आई दारात उभी होती,” ते म्हणाले. “मला बोल्ली, लिवा, चाचा. पण माज्याच्यान नाय झाला.”

त्यांना अजून दोन आळ्या करायच्या होत्या. मी म्हटलं, सोबत येतो. सायकल हातात धरून ते चालू लागले आणि मी शेजारी. पहिल्या वळणावरच एका घरातून एक बाई धावत बाहेर आली. हात पिठाचे, चेहरा पांढराफटक. तिचा मुलगा नौदलात होता. पोस्टमन आणि त्याच्याबरोबर गणवेशातला माणूस आपल्या दाराकडे येताना बघून तिने काय समजायचं? माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

चाचांनी लांबूनच हात वर केला. “काय नाय गे, घाबरू नको. सगला बरा हाय. हा आपला दिवेआगरचा, मला भेटायला आलाय.”

ती पायरीवरच बसली. मी टोपी काढली आणि तिच्याजवळ जाऊन तिच्या मुलाचं नाव विचारलं. नाव ऐकल्यावर मला त्याचं जहाज आठवलं, त्याची उरलेली रजाही आठवली. गणपतीला त्याला सुट्टी मंजूर आहे, मी स्वतः कागद केलाय, असं मी तिला सांगितलं. तिने मला परत सांगायला लावलं. मी परत सांगितलं. पुढच्या प्रत्येक आळीला चाचा माझ्या पुढे चार पावलं राहिले आणि घर यायच्या आधीच मोठ्याने म्हणत गेले की सगळं बरं आहे.