तेलाच्या बोटीवरचे आजोबा

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, म्हणजे तुम्ही फार जवळचे आहात असं नाही — कुठेतरी बोलायला हवं होतं, इतकंच. ऐकून तोंड वाकडं करायचं असेल तर खुशाल करा. मी कुठे स्वतःला हरिश्चंद्र म्हणवतोय?

मी देवगडकडचा. सौदीतल्या किंग अब्दुल्ला इकॉनॉमिक सिटीच्या बंदरात क्रेन सुपरवायझर आहे. तिथे आमच्याबरोबर डेनिस नावाचा ऑस्ट्रेलियन होता, सेफ्टीचं ट्रेनिंग द्यायचा. त्याचे वडील महायुद्धात ब्रिटिशांच्या विमानवाहू जहाजावर पायलट होते, तिकडे पॅसिफिकमध्ये, जपानविरुद्ध. डेनिस रंगवून सांगायचा — दुमडलेले पंख जहाजाच्या पोटातल्या छताला लागायचे म्हणून विमानांच्या पंखांची टोकंच कशी कापली, जपानी विमान डेकवर आदळलं तर खड्डा सिमेंटने बुजवून पुन्हा उड्डाणं कशी सुरू केली. जेवणाच्या सुट्टीत सगळे घास हातात धरून ऐकत.

एकदा त्याने मला विचारलं, तू समुद्रकाठचा, तुमच्यापैकी कोणी होतं का युद्धात?

होतं. खरंच होतं — गंमत तीच आहे. माझे आजोबा त्याच आरमाराबरोबर होते, पण तेलाच्या बोटीवर खलाशी. तेलाची बोट पुढे, विमानांचं जहाज मागे आणि मध्ये लाटांवर तरंगणारा लांबलचक पाईप. तो पाईप मागे सोडायचा, जहाजाने पकडला की तेल द्यायचं, खवळलेल्या पाण्यात फुटला की ओढून घ्यायचा, तेलाने माखायचं आणि दुसरा सोडायचा. हे आजोबांचं युद्ध. बाबांनी लहानपणी मला जेवताना इतक्या वेळा सांगितलेलं की मला तोंडपाठ होतं.

मग तेच का नाही सांगितलं? मी म्हणालो, आजोबा विमानवाहू जहाजावर होते, डेकवर विमानं ढकलायचे.

गोऱ्यापुढे भारतीय माणूस दबतो, गल्फमध्ये पासपोर्टचा रंग बघून मान मिळतो — ही कारणं मला ठाऊक आहेत, आणि ती मी देणार नाही. मला कोणी धमकावलं नव्हतं. मला पाईप नको होता, विमान हवं होतं. बस.

डेनिसने उठून माझा हात धरला. त्या दिवसापासून मी त्याच्यासाठी भाऊ झालो. मला ते आवडलं — नाही कशाला म्हणू?

पुढे बाबा व्हिजिट व्हिसावर आले. डेनिसला कळलं, आणि तो खजुराचा डबा घेऊन घरी हजर. बाबांना इंग्रजी येत नाही. मध्ये मी. डेनिसने आजोबांबद्दल विचारलं आणि बाबा सरसावून बसले. परक्या देशात, परका माणूस, आणि त्यांच्या बापाबद्दल विचारतोय! त्यांचा चेहरा मला अजून दिसतो.

“माझो बापूस तेलाच्या बोटीर होतो,” बाबा म्हणाले. “तेचा काम पाईप सोडूचा.” मग हातवारे करून सगळं सांगितलं, लाटा, फुटलेला पाईप, अंगावरचं तेल. आणि मी ते वाक्यावाक्याने इंग्रजीत सांगत गेलो — विमानं, डेक, दुमडलेले पंख. डेनिसच्याच गोष्टी मी त्याला परत वाढल्या.

थांबा, अजून संपलं नाही.

डेनिसचे डोळे भरून आले. तो म्हणाला, माझे वडील म्हणायचे की आम्हाला मेडलं मिळाली, पण तेलाच्या बोटीवरची ती माणसं नसती तर आम्ही नुसतेच तरंगत बसलो असतो. त्यांचे आभार मानायचे राहून गेले, असं ते शेवटपर्यंत म्हणत. तुझ्या वडिलांना विचार ना, त्यांच्या वडिलांनी कधी त्या माणसांबद्दल काही सांगितलं होतं का?

बाबा माझ्याकडे बघत होते. “काय म्हणता तो?”

मी म्हणालो, तुम्हाला चहा कसा आवडतो विचारतोय.

“कमी साखरेचो म्हणान सांग,” बाबा म्हणाले. तेवढं वाक्य मी बरोबर सांगितलं. डेनिसला वाटलं, म्हातारा विषय टाळतोय.

डेनिस गेल्यावर मी कप उचलत होतो. बाबा खुर्चीतच बसून होते. म्हणाले, “पायपाक इंग्रजीत पाईपच म्हणतत ना रे?”

मी हो म्हणालो.

पुढे बाबा गावी परत गेले, आणि मरेपर्यंत माझ्यासमोर आजोबांचं नाव काढलं नाही. डेनिस निवृत्त होऊन घरी गेला. अधूनमधून त्याचा फोन येतो, नातवंडांना तो माझ्या आजोबांची गोष्ट सांगतो म्हणे — डेकवर विमानं ढकलणाऱ्या माणसाची. मी ऐकून घेतो, आणि नातवंडं कशी आहेत ते विचारतो.