उजव्या पायाची चप्पल

माझी उजवी चप्पल डावीच्या आधी झिजते. आज बघितली तर पंजाखाली खड्डाच. बायको म्हणाली, "गाडी लोक चालवतात, चप्पल तुमची झिजते."

खरंय. मी गाडी शिकवतो. शाळेत मला कुणी काही शिकवू शकलं नाही, म्हणून मीच शिकवायला लागलो. आमच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीपण ब्रेक असतो. म्हैस दिसली की शिकणाऱ्याच्या आधी मी घाबरतो आणि दाबतो.

सुमनताई लायसनच्या परीक्षेत दोनदा नापास झाल्या. नवऱ्याला दर आठवड्याला दवाखान्यात न्यायचं असतं, त्याला रिक्षाचे धक्के सोसत नाहीत, म्हणून या वयात शिकतायत. आज त्यांनी चौकाआधीच गाडी बाजूला घेतली.

"भाऊ, परीक्षेला तुमचा पाय नसतो. गाडी थांबतच नाही माझी."

"मग काय करू?"

"मांडी घालून बसा."

बसलो. पंगतीला बसल्यासारखा. ताईंनी गाडी चौकाकडे काढली. डोळे मिटले, तर ऐनवेळी देवाचं नावसुद्धा आठवेना. गाडी थांबली. बघतो तर सिग्नलच्या पांढऱ्या पट्ट्याच्या अलीकडे. मी थांबवतो तेव्हा पट्ट्यावर थांबते.

इतकी वर्षं शिकवलं, पण थांबायचं कुणाला शिकवलंच नाही. सगळ्यांच्या वाटणीचं मीच थांबत आलो. म्हणूनच एवढा दमलो असेन.

उतरताना ताई म्हणाल्या, "उद्यापण मांडीच."

घालीन. पण आत्ता बायको आत आमटीत तिखटाचा तिसरा चमचा टाकतेय, आणि इथं खुर्चीत माझा पाय फरशी दाबतोय.