शटरच्या आत बर्फ, बाहेर टँकर

आता तुमच्यापासून काय लपवायचं? सत्कार घेताना शिव्या खाल्लेला माणूस बघितलाय का कधी? नसेल तर बघून घ्या, समोरच बसलाय.

मी पुण्यात एका प्रयोगशाळेत आहे. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बाष्पाचा बर्फ कसा जमतो ते बघत बसायचं, हे माझं काम. हो, पगारी. मागच्या दुष्काळात वडवणीजवळच्या आमच्या गावी गेलो, तर दूध सोसायटीचे चेअरमन नाना म्हणाले, "तुजं भाषण ठिवू. बायांनाबी कळू दे, आपलं पोरगं काय करतं ते."

नको म्हणायला हवं होतं. पण कौतुकापुढे माझं कधी चाललंय?

सोसायटीच्या दूध संकलनाच्या खोलीत सगळा गाव बसवला. पडद्यावर नीट दिसावं म्हणून मीच शटर खाली ओढायला लावलं. फिल्म सुरू झाली. एक ठिपका, त्याला हळूहळू सहा कोन फुटायला लागले. मी रंगात आलो.

तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. शेजारच्या सुमनकाकू उठल्या. "टँकर आला वाटतं."

"बसा हो काकू, रस्त्यावरचा ट्रक असेल. आता तर खरी गंमत आहे, बर्फ जमतोय."

हॉर्न परत वाजला, लांबलचक. अर्ध्या बाया उठल्या, तर नाना दाराशी आडवे. "पोरगं पुण्याहून आलंय, आन् तुमी मधीच उठून चालल्या व्हय?" आणि मी शहाणा, हॉर्नपेक्षा मोठ्यानं बोलत राहिलो.

शटर उघडलं तेव्हा पारापाशी रिकाम्या घागरींची रांग तशीच होती. त्यात आमच्या आईचीही. कुणी बाहेर येईना म्हणून टँकर पुढच्या वस्तीला निघून गेला होता. पुढची खेप थेट परवा. केसाहून बारीक पाणी दिसतं म्हणून मिरवणाऱ्या मला अख्खा टँकर दिसला नाही.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाया काय काय बोलल्या, ते चहा पिताना सांगण्यासारखं नाही. पण नाना पडले चेअरमन, कार्यक्रम अर्धा कसा सोडतील? त्या शिव्यांतच त्यांनी माझ्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ ठेवला आणि टाळ्याही एकट्यानंच वाजवल्या.

सुमनकाकूंनी तो नारळ माझ्या हातातून घेतला, कानाशी हलवून पाहिला.

"घोटभर हाय ह्यात. फोडा नाना, पाजा पोराला. लई बोललंय, घसा सुकला आसंल."

सगळा गाव माझ्याकडे बघत होता. आणि खरं सांगू? घसा सुकलाच होता. प्यालो.