रफिकभाईच्या इटा

चहा आधी खाली ठेवा, नाहीतर सांडन. माह्या हातून काय घडलं ते सांगून राह्यलो.

बोरी अरबले रस्त्याचं काम चालू होतं अन् मी त्यावर सुपरवायझर. नुकताच यवतमाळहून दोन दिवसाचं ट्रेनिंग करून आलतो. पाडलेल्या बांधकामाचं काहीच फेकायचं नाही, जुन्या इटा फोडून नव्या रस्त्याच्या खालच्या थरात टाकायच्या, असं शिकवलं होतं. मंग काय, डोक्यात वारंच शिरलं! जिथं तिथं मले मलबाच दिसे. बायको म्हणे, घरची भिंत तरी सोडा.

एक दिवस रफिकभाई मेकॅनिकच्या घरासमोर जुन्या इटांचा हा एवढा ढीग दिसला. रफिकभाई बाभुळगावले गेलता. ओट्यावर त्याची म्हातारी माय बसेल होती. मी विचारलं, "अम्मा, ह्या उचलायच्या हायेत का?"

"हाव बेटा, आज-कल में उठानाच है. रस्ते में पडे है."

अजून काय पाह्यजे? ट्रॅक्टर बोलावला. अम्मानं मजुरांले चहासुद्धा पाजला. संध्याकाळपर्यंत इटांचा भुगा होऊन रोलरखाली दाबूनही झाला. साहेबाले फोटो पाठवला, साहेबानं अंगठा पाठवला. माही छाती अशी फुगली म्हणता!

दुसऱ्या दिवशी सकाळीच रफिकभाई साइटवर आला. मले वाटलं, आभार मानाले आला. तर त्यानं जुनं स्वयंपाकघर पाडून, महिनाभर घासून, चिकटलेलं सिमेंट काढून एकेक इट जमवलती. पोरीसाठी मागच्या अंगणात खोली बांधायची होती. अम्माले वाटलं, खोली बांधणाऱ्या मिस्त्रीचीच माणसं इटा मागं नेऊन राह्यली.

"साहेब," तो हळूच म्हणाला, "मी इटेची इटच करून राह्यलो होतो. तुम्ही तिची धूळ कायले केली?"

आख्खी वस्तू आख्खीच वापरता आली तर फोडू नका, हेही ट्रेनिंगमधी सांगितलं होतं म्हणे. तेव्हा मी जेवणाच्या रांगेत होतो.

मंग एका पडक्या गोदामाच्या इटा मागून आणल्या अन् तीन रविवार रफिकभाईच्या अंगणात बसून मीच घासल्या. बोटं सोलली. शेवटी मोठ्या ऐटीत त्याले बोलावलं. त्यानं एकेक इट वाजवून पाह्यली. चांगल्या इकडे, मी घासता घासता कोपरे उडवलेल्या तिकडे. तिकडचाच ढीग मोठा झाला.

"ह्या तुमच्या रस्त्यात न्या साहेब," रफिकभाई म्हणाला. "तिथं काहीबी चालते."